कुटाची उकल



शब्दकोड्याचा नाद असलेली माणसे या सभेत बरीच असतील, अशी माझी खात्री आहे. वर्तमानपत्र हाती पडले की अग्रलेख बाजूस सारून आधी कोड्याची चौकट गाठणारे एखाद-दुसरे माणूस प्रत्येक घरात असतेच; पुढ्यातला चहा निवला तरी त्याच्या हातची पेन्सिल खाली येत नाही. इतिहासाच्या व्याख्यानात या रिकामपणच्या उद्योगाचे काय काम, असे कोणास वाटल्यास ते अगदी साहजिक आहे. परंतु आपल्या वऱ्हाडात, आणि विशेषतः आपल्या यवतमाळात, कोडे सोडविण्याचे एक फार मोठे काम झालेले आहे. त्या कामाकडे जाण्याची वाट या चौकटीतूनच जाते, म्हणून थोडा धीर धरावा.

चौकटीचे शब्दकोडे हा प्रकार तसा अलीकडचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात आर्थर विन या गृहस्थाने पहिले कोडे छापले, ते चौकोनी नसून शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. इंग्लंडात गेल्यावर या कोड्याला वेगळेच वळण लागले. सरळ अर्थ विचारण्याऐवजी सूचक वाक्य असे रचावयाचे की वरून एक दिसावे आणि आत दुसरेच असावे. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रात अशी कोडी घालणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी तर स्पेनमधील धर्मच्छळाच्या न्यायासनावरील एका क्रूर अधिकाऱ्याचे 'टॉर्केमाडा' हे नावच टोपणनाव म्हणून घेतले! वाचकांना आपण कोणती वागणूक देणार आहोत, हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

मराठीत असे सूचक वाक्य कसे होईल? समजा, सूचना अशी आहे : 'गरीब उलटा केला की वाहती'. दोन अक्षरांचा शब्द हवा. गरीब म्हणजे दीन. 'दीन' उलटा वाचला की 'नदी', आणि नदी ही वाहतीच. दुसरी घ्या : 'पाण्यापुढे घाण, तरी लक्ष्मीचे आसन'. संस्कृतात 'क' या एका अक्षराचा अर्थ पाणी असाही होतो; त्यापुढे मळ ठेवला की 'कमळ' झाले. (इंग्रजीत एकेक वर्ण सुटा करून वाटेल तसा फिरविता येतो, आपले अक्षर काना-मात्रा अंगावर घेऊनच चालते, त्यामुळे मराठी कोडेकाराला सवलत कमी आणि श्रम जास्त. हे जाता जाता सांगितले.) आता या दोन्ही उदाहरणांत लक्षात घेण्याची गोष्ट एकच. शेजारच्या शब्दांतून 'क' आणि 'ळ' मिळाले म्हणून ज्याने अंदाजाने 'कमळ' लिहिले, त्याला उत्तर मिळाले, पण उकल मिळाली नाही. 'क' का, 'मळ' का आणि आसन कोणते, हे ज्याने सांगितले त्याने कोडे सोडविले. उत्तर आणि उकल यांतला हा भेद आपल्याला पुढे पावलोपावली लागणार आहे.

हा भेद केवळ हौशी लोकांचा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही तो विचारात घ्यावा लागला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. बंगलोरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून चालणारी आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यात घरोघर भरली जात. मुंबई सरकारने कर आणि निर्बंध बसविले, प्रकरण दिल्लीपर्यंत गेले, आणि १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला की ही स्पर्धा जुगाराच्या जातीची आहे. कारण सूचनेतून एकच उत्तर निघत नव्हते. दोन शब्द सारखेच बसत, आणि आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला बक्षीस, असा तो मामला होता. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली होती, आणि पुढे तो धंदा ओसरला. सूचनेतून विचाराने न पोचता येणारे उत्तर म्हणजे नशिबाचा फासा, हे तत्त्व त्या निकालात बसलेले आहे. संशोधनाच्या क्षेत्रातही ते लागू केले असते, तर आपली कित्येक व्युत्पत्तिशास्त्रे केव्हाच बंद पडली असती!

आता मागे जाऊ. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत 'प्रहेलिका' ही एक कला आहे आणि 'म्लेच्छितविकल्प' ही दुसरी. पहिली म्हणजे कूटप्रश्न, उखाणा, कोडे. दुसरी म्हणजे शब्द मुद्दाम बिघडवून लिहिण्या-बोलण्याची सांकेतिक रीत. दोहोंची नावे एकाच यादीत आली असली तरी त्यांच्या मागचे मन अगदी निराळे आहे. प्रहेलिका घालणारा माणूस आपले कोडे सुटावे अशीच इच्छा धरून असतो. ते कोणालाच सुटले नाही तर सर्वात अधिक हिरमुसला तोच होतो. सांकेतिक लिहिणाऱ्याची इच्छा उलट असते. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यालाच ते कळावे, इतरांनी दाराशी यावे आणि परत जावे. ज्ञानदेवांच्या नावावर चालणारी कूटे किंवा नाथांची भारुडे पहिल्या जातीची. दुसऱ्या जातीचे मराठीतील सर्वात मोठे उदाहरण म्हणजे महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपी. आजचा माझा मुख्य विषय तोच.

परंतु तत्पूर्वी एक लहानसा प्रयोग करू. वात्स्यायनाच्या ग्रंथावर यशोधराची 'जयमंगला' टीका आहे. तीत 'मूलदेवीय' नावाची एक सांकेतिक रीत सांगितली आहे. तिची युक्ती सोपी आहे : अक्षरांच्या जोड्या लावावयाच्या आणि प्रत्येकाच्या जागी त्याचा जोडीदार लिहावयाचा. अ आणि क, ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स, अशा त्या जोड्या. ज्यांना जोडीदार नाही ती अक्षरे तशीच राहतात. या रीतीने आपल्या गावाचे नाव लिहून पाहा. 'य'चा 'श', 'व' तसाच, 'त'चा 'प', 'मा'चा 'ना', 'ळ' तसाच. यवतमाळचे झाले 'शवपनाळ'. या गावच्या स्टँडवर उतरण्यास कोणी धजणार नाही!

आता समजा, अशा लिपीत लिहिलेले एक पान तुमच्या हाती आले आणि किल्ली तुमच्याजवळ नाही. पानावर एके ठिकाणी लिहिले आहे : 'पो खेसा, पी खेसी, पे खेसे'. अर्थ काही नाही. पण मराठी माणसाचा कान गप्प बसत नाही. एकाच अक्षराला ओकार, ईकार, एकार लागतो, आणि त्याबरोबर पुढच्या शब्दाचा शेवट आकार, ईकार, एकार असा बदलतो. ही पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंगाची चाल आहे. मराठीत अशी त्रिकुटे 'तो, ती, ते' आणि 'जो, जी, जे' यांची. मग 'प' म्हणजे 'त' की 'ज'? तेवढ्यावरून सांगता येत नाही. आणखी दोन ओळी पुढे 'जो' हा शब्द उघडच आलेला असेल आणि त्याला उत्तर म्हणून 'पो' येत असेल, तर 'पो' म्हणजे 'तो' हे पक्के. मग 'खेसा' हे क्रियापद. शेवटी 'सा, सी, से' येणारे शब्द पानभर विखुरलेले दिसतात : 'दिसा', 'झासा', 'खेसा'. भूतकाळाचा 'ला, ली, ले' हा प्रत्यय मराठीत सर्वात अधिक येणारा. 'स'च्या जागी 'ल' ठेवला की 'दिला', 'झाला' आपोआप उभे राहतात, आणि मग 'खेसा' म्हणजे 'गेला' असणार हे ओघानेच आले. तो गेला, ती गेली, ते गेले. किल्ली कोणी दिली नव्हती. मराठीच्या व्याकरणातूनच ती घडविली. भाषेचे वेष पालटता येतात, चाल पालटता येत नाही, आणि लिपी फोडणाऱ्याचा सारा भरवसा या चालीवर असतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला या गोष्टीचा प्रत्यय आला. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ' पत्राने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची परीक्षा ठेवली, आणि त्यात बसलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामावर बोलावून घेतले. आपल्याकडे मात्र हे काम कोणत्याही सरकारने सांगितले नव्हते आणि त्यासाठी पगारही नव्हता.

महानुभाव पंथाचा इतिहास आपणा वऱ्हाडकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रात पायी हिंडले, लोकांच्या बोलीत बोलले. त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू रिद्धपूरचे, म्हणजे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. स्वामी गेल्यावर म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्या तोंडून विचारून घेऊन, 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. केशवराजसूरी, ज्यांना पंथात केसोबास म्हणतात, त्यांनी स्वामींची वचने वेचून 'सूत्रपाठ' तयार केला आणि 'दृष्टान्तपाठ' रचला. हे केसोबास संस्कृतचे मोठे पंडित. पंथाचे आचार्य नागदेव यांच्याशी ते संस्कृतात बोलू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडविले. स्वामींनी मराठीत सांगितले, ते मराठीतच राहू द्या; संस्कृतात गेल्याने आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बाया त्याला मुकतील, असा त्यांचा आशय होता. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ही आठवण नोंदली आहे.

या पंथाच्या ग्रंथांची घडणच उकल करून सांगण्याची आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. 'दृष्टान्तपाठा'त आधी सूत्र येते, मग त्यावर स्वामींनी सांगितलेला दृष्टान्त, आणि त्यानंतर केसोबासांनी लिहिलेला दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो त्याचे स्पष्टीकरण. असे एकशे चौदा दृष्टान्त आहेत. सूत्र तेवढे हाती देऊन 'आता तुम्ही जाणा' असे म्हणणारा हा पंथ नव्हता. पुढे तर कोणते सूत्र स्वामी कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून बोलले हे सांगणारा 'प्रकरणवश' नावाचा स्वतंत्र ग्रंथप्रकारच तयार झाला. कोडे आणि त्याची उकल यांतला भेद सातशे वर्षांपूर्वी ज्यांना इतका स्पष्ट कळला होता, त्यांनीच पुढे आपल्या साऱ्या ग्रंथांना कुलूप घातले! मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील याहून चमत्कारिक गोष्ट मला माहीत नाही.

हे कसे घडले? चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य बुडाले आणि धामधूम माजली. म्हाइंभटाची मूळ पोथी या धाडीत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग हिराइसेसारख्या तल्लख स्मरणशक्तीच्या साध्वींनी आणि इतर शिष्यांनी आपापल्या स्मरणातून पुन्हा पाठ जुळविले. आज 'लीळाचरित्रा'चे जे वेगवेगळे पाठ मिळतात, त्यांचे मूळ या आपत्तीत आहे. एकदा घर लुटले गेलेला माणूस दाराला कडी घालतोच. त्याच शतकात 'सह्याद्रिवर्णन' या काव्याचे कर्ते रवळोबास यांनी 'सकळ लिपी' तयार केली, असे मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा निराळेच चिन्ह लिहावयाचे, हे तिचे सामान्य रूप. तिच्या मागून सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र, कवीश्वरी अशा कितीतरी लिपी आल्या. काहींच्या नावांवरूनच त्या कोणत्या आम्नायाच्या, हे दिसते. म्हणजे बाहेरच्या दाराला एक कुलूप, आणि घरातल्या खोल्यांना आणखी निराळी.

परचक्राचे भय हे एकच कारण पुष्कळ लोक सांगतात. मला ते अपुरे वाटते. परचक्रातून पोथी वाचवावयाची तर ती पुरावी लागते किंवा घेऊन पळावे लागते. अक्षरे बदलल्याने पोथी जळावयाची राहत नाही. शिवाय शांततेच्या काळीही ही रीत पुढे शतकानुशतके चालू राहिली. तेव्हा अनधिकारी माणसाच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये, तिचा उपहास होऊ नये, ही भावना यात अधिक असावी. ज्यांना समाजातून विरोध झाला, त्यांना उपहासाचे भय शस्त्राच्या भयाहून कमी नसते. ज्या कारणाने ही लिपी जन्मली, त्याच कारणाने ती टिकली असेल असेही नाही. भयाने लावलेली कडी पुढे शिस्तीची होऊन बसते.

या गुप्ततेची किंमत पंथाने फार मोठी दिली. दाराआड काय आहे हे न कळल्याने बाहेरच्यांनी वाटेल ते कल्पिले. काळी वस्त्रे, निराळा आचार आणि न वाचता येणाऱ्या पोथ्या! एवढ्या सामग्रीवर कंड्या पिकविण्यास काय वेळ लागतो? आपली भाषाच साक्ष देते. 'मानभाव' या नावापासून 'मानभावी' हा शब्द झाला आणि त्याचा अर्थ वरून गोड, आतून कपटी असा रूढ झाला. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर सर्वांना ठाऊक आहे. अहिंसेचे व्रत इतके कडक पाळणाऱ्या पंथाचे नाव कसाबाच्या शेजारी बसविणे, यापरता अन्याय कोणता? ही म्हण वापरणाऱ्या शंभरांपैकी एकानेही त्या पोथीचे एक पान वाचलेले नव्हते. वाचता येणे शक्यच नव्हते.

त्याच वेळी एक लाभही झाला, तो नाकारून चालणार नाही. ज्या पोथ्या सर्वांच्या हाती असतात, त्यांची भाषा प्रत्येक पिढी आपल्यापुरती सोपी करून घेते. कुलपाआड राहिलेल्या पोथ्यांवर असे हात फार कमी फिरले. पंथाचे महंत मठ स्थापीत पंजाबात, पेशावरात आणि काबूलपर्यंत गेले. तेथेही या मराठी पोथ्या त्यांनी नेल्या आणि उतरविल्या. म्हणून यादवकालीन मराठी गद्याचे शब्द, क्रियापदांची रूपे, तेव्हाच्या बायकांचे बोलणे, बाजार, पीकपाणी, खाणेपिणे, हे सारे आपल्याला आज पाहावयास मिळते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहू लागले. या दोन्ही गोष्टींच्या पायात ज्या पोथ्या आहेत, त्या पाच-सहाशे वर्षे बाहेरच्या मराठी माणसाला वाचता येत नव्हत्या.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे, ही त्यातली दोन अग्रगण्य नावे. राजवाडे यांची दृष्टी भाषेच्या चालीवर विलक्षण बसलेली होती. व्युत्पत्तीच्या भरात ते पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावत, परंतु जुन्या मराठीच्या पानापुढे बसल्यावर त्यांच्याइतका कान दुसऱ्या कोणाचा नव्हता. भाव्यांनी आपल्या 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव कवींना त्यांची जागा दिली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. दोघेही १९२६ सालीच निवर्तले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९२५ मध्ये, 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रकाशनाचे गाव पुणे नव्हे, मुंबई नव्हे, यवतमाळ. कर्ते यशवंत खुशाल देशपांडे. यवतमाळात त्यांनी शारदाश्रम ही संस्था उभी केली, पोथ्यांचा संग्रह केला आणि पंथाचे ग्रंथकार, त्यांचे ग्रंथ, त्यांचा काळ यांची पद्धतशीर मांडणी केली. हे काम येथेच होण्यास कारण होते. पोथ्या होत्या वऱ्हाडातल्या मठांत, आणि त्या मागून मिळणाऱ्या नव्हत्या. पेठेतून कागद विकत आणावा तशी सांकेतिक पोथी आणता येत नाही. ज्या घरात ती देवाप्रमाणे पूजली जाते, त्या घराचा विश्वास आधी मिळवावा लागतो, आणि तो शेजारच्या माणसाला लवकर मिळतो. लिपी फोडणे हा बुद्धीचा खेळ असेल. पोथी हातात पडणे हा माणुसकीचा व्यवहार आहे. ही पंथाची श्रद्धेची ठेव आहे, ती छापखान्यात नेणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न पंथातील काहींच्या मनात होता, आणि तो मुळीच क्षुल्लक नव्हता. ज्या महंतांनी तरीही दार उघडले, त्यांची नावे लिपी वाचणाऱ्यांइतकी कोणी घेत नाही.

किल्ली मिळाली म्हणजे काम संपले, असे मात्र कोणी समजू नये. सकळ लिपीतले पान देवनागरीत उतरविले की हाती येते ती तेराव्या शतकातली मराठी, आणि ती स्वतःच एक कोडे असते. शब्द आजचा दिसतो, अर्थ निराळा असतो. सूत्र तीन-चार शब्दांचे. ते कोणी कोणास आणि कशावरून म्हटले हे कळल्याविना त्याचा अर्थ लागत नाही. येथे पंथाने स्वतः लिहून ठेवलेली 'प्रकरणवशे' आणि टीका कामास आल्या. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्रा'चे भाग छापण्यास प्रारंभ केला. विदर्भातलेच डॉ. वि. भि. कोलते यांनी भास्करभट्ट बोरीकरांपासून आरंभ करून आयुष्यभर हाच ध्यास घेतला, आणि निरनिराळे पाठ ताडून 'लीळाचरित्रा'ची त्यांची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. लंडन विद्यापीठातील आय. एम. पी. रेसाइड यांनी १९७० मध्ये सकळ लिपीवर स्वतंत्र निबंध लिहिला. टेम्सच्या काठी बसून कोणी रवळोबासांची अक्षरे लावीत बसेल, हे स्वप्न रवळोबासांना खास पडले नसेल.

आता शब्दकोड्याच्या चौकटीकडे एकदा परत येतो, कारण तिच्यातील एक गोष्ट अद्याप सांगितलेली नाही. आडवा शब्द आपल्याला सुटला असे वाटते. परंतु त्याला छेदून जाणारा उभा शब्द जेव्हा त्याच अक्षरातून बिनचूक उतरतो, तेव्हाच आडव्याची खात्री पटते. न उतरला तर दोहोंपैकी एक खोडावा लागतो. एकट्या आडव्या शब्दाची ऐट फार दिवस चालत नाही. आपल्या गावाचेच नाव घ्या. कानाला त्यात 'माळ' ऐकू येतो आणि माळरान डोळ्यांपुढे उभे राहते. गॅझेटिअरकार मात्र म्हणतात की येथे मूळ शब्द 'महाल', म्हणजे परगण्याचे ठिकाण. 'आइन-इ-अकबरी'त हा महाल यवत-लोहारा या जोडनावाने आला आहे आणि लोहारा गाव आजही शेजारीच आहे, हा त्यांचा छेदणारा उभा शब्द.

याच जातीचे, पण कितीतरी मोठे उदाहरण य. खु. देशपांडे यांच्याच हातून घडले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. दगड झिजलेला, अक्षरे उडालेली. वाकाटकांची वंशावळ त्यात आहे, आणि १९ व्या शतकात बूलर या जर्मन पंडिताने ती वाचली. पहिल्या प्रवरसेनानंतरच्या राजाचे नाव अस्पष्ट होते. तेथे त्याने 'रुद्रसेन' वाचले, कारण वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत प्रवरसेनानंतर रुद्रसेनच येतो. अंदाज गैर नव्हता. सूचनेत बसत होता, आणि पन्नासांहून अधिक वर्षे सर्वांनी तो मानला.

१९३९ साली वाशीम येथे काही ताम्रपट उजेडात आले. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी ते त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेपुढे मांडले. वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर बहुतेक प्राकृतात. दान देणारा राजा विंध्यशक्ती, वर्ष त्याच्या राजवटीचे ३७ वे, आणि दान सोडल्याचे ठिकाण वत्सगुल्म, म्हणजे खुद्द वाशीम. हा विंध्यशक्ती स्वतःला सर्वसेनाचा पुत्र आणि प्रवरसेनाचा नातू म्हणवितो. सर्वसेन हा प्रवरसेनाचा मुलगा, आणि वाशिमास वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा नांदत होती, ही गोष्ट तोवर कोणालाही माहीत नव्हती.

हा उभा शब्द हाती आल्यावर नागपूरचे वा. वि. मिराशी पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले. ज्या ठिकाणी बूलरने 'रुद्रसेन' वाचले होते, त्या जागेवरील उरलेल्या रेघा त्यांनी नव्याने तपासल्या. नाव 'सर्वसेन' असे होते. त्याच्या पुढची उडालेली जागाही भरून निघाली. तेथे विंध्यसेन, म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच बसत होता. १९४१ साली मिराशींनी लेखाची ही नवी वाचना प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून अजिंठ्याची ती ओळ तशीच वाचली जाते.